शेणखत घालूनही सेंद्रिय कर्ब का वाढत नाही? उसाच्या एका एकरातला हिशोब

तुमचे प्रश्न तीन आहेत. कृष्णाकाठची मध्यम काळी जमीन, लागण आणि दोन खोडवे (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारे पीक), एकरी सरासरी ४० टन ऊस, आणि दर लागणीला एकरी ५ टन शेणखत. तरीही मृदा आरोग्य पत्रिकेवर पाच वर्षांपूर्वी ०.४० टक्के असलेला सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीत कुजलेल्या अवशेषांतला कार्बन, यंदा ०.३८ टक्के आला. मग एवढे शेणखत गेले कुठे, हा पहिला प्रश्न. पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, शेतात ठेवले तर ते नत्र खाते आणि खोडवा पिवळा पडतो म्हणून गावात सगळे पेटवतात, ते बरोबर आहे का, हा दुसरा. आणि कर्ब वाढवणारी म्हणून दुकानात मिळते ती बाटली घ्यावी का, जमिनीत कर्ब साठवल्याबद्दल पैसे देऊ म्हणणारे कार्बन क्रेडिटवाले सही मागतात त्यांना काय सांगावे, हा तिसरा. माझी नोकरी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत आणि उसाच्या बांधावर झाली. माझ्या मते या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच हिशोबात आहे: तुमच्या एकरात कर्ब येतो किती, जातो किती आणि त्यातला थांबतो किती. खालचे आकडे ढोबळ आहेत, पण निर्णय घ्यायला पुरेसे आहेत.

एका एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरातल्या मातीचे वजन साधारण ८ लाख किलो भरते. तिच्यात ०.३८ टक्के कर्ब, म्हणजे ३ टन. आता वरच्या बाजूला बघा. तुमच्या एकरावर जमिनीपासून थेट वातावरणाच्या टोकापर्यंत जी हवा आहे, तिच्यात कार्बन डायऑक्साइडच्या रूपात सुमारे ७ टन कर्ब आहे. आणि ४० टन उसाचे पीक, ऊस, वाढे (शेंड्याचा हिरवा पाला), पाचट, मुळे असे सगळे धरून, एका हंगामात हवेतून ८ टनांच्या आसपास कर्ब ओढून अंगात बांधते. डोक्यावरच्या सगळ्या हवेत आहे त्यापेक्षा जास्तच. हे शक्य होते, कारण हवा एका जागी उभी राहत नाही आणि दुसरीकडे जमीन, जंगल, जनावरे, माणसे, कारखाने तो कर्ब सतत परत हवेत सोडत असतात.

वर्षाला ८ टन येतो आणि जमिनीत शिल्लक सगळी मिळून ३ टन, तीही कित्येक पिढ्यांची. तुमच्या पहिल्या प्रश्नाची मेख इथे आहे.

हवेत कार्बन डायऑक्साइड फार विरळ आहे. दहा लाख भागांत साधारण ४२० भाग. हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथे १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५ होते. एवढ्या विरळ वायूतून एक किलो वजनाचा एक ऊस उभा करायचा तर सहाशे घनमीटरहून जास्त हवेतला कर्ब लागतो. आणि तो आत घ्यायला पानाची रंध्रे, म्हणजे बारीक छिद्रे, उघडली की पाणीही बाहेर पडते. उसाने यावर आपली वाट काढली आहे. बहुतेक पिकांत हवेतला कर्ब पकडल्यावर पहिला पदार्थ तीन कर्ब-अणूंचा तयार होतो. उसात तो आधी चार कर्बांच्या आम्लात पकडला जातो, मग पानातल्या शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन सोडला जातो, आणि तिथे त्याची साखर होते. कमी रंध्रे उघडून जास्त कर्ब मिळतो, कडक उन्हात काम थांबत नाही. हे कळले तेही उसामुळेच. हवाईच्या साखर संशोधकांनी उसाच्या पानाला किरणोत्सारी कर्ब देऊन तो काही सेकंदांत कुठे जातो ते पाहिले, आणि १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी ती सगळी वाट उलगडून दाखवली. ज्वारी, बाजरी, मका याच वाटेने जातात. गहू, हरभरा, सोयाबीन, भात मात्र जुन्या वाटेने.

मग त्या ८ टनांचे काय होते? सर्वात मोठा वाटा ट्रकमध्ये बसून जातो. ४० टन उसात पाणी जवळजवळ सत्तर टक्के, कोरडे वजन १२ टन, आणि त्यात ५ टनांहून थोडा जास्त कर्ब. कारखान्यात गेला की त्याचा चोथा, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जळतो आणि त्यातला कर्ब त्याच दिवशी हवेत परततो. साखर लोकांच्या पोटात जाते आणि श्वासातून बाहेर पडते. इथेनॉल केले तर साखरेतल्या दर ६ कर्बांपैकी २ किण्वनाच्या टाकीतच वायू होतात आणि उरलेले ४ गाडीच्या इंजिनात. वाढे जनावर खाते. त्यातला निम्म्याहून अधिक भाग पचून श्वासातून जातो, काही मिथेन होऊन ढेकरेतून बाहेर पडतो, उरलेला शेणात येतो. तुमच्या जमिनीच्या वाट्याला राहतात ती मुळे आणि पाचट. कारखान्यातून प्रेसमड, म्हणजे रस गाळताना उरणारा गाळ, तेवढा परत आणता येतो. गाळलेल्या उसाच्या तीन-चार टक्के निघतो, आणि चांगला कुजवून आणला तर शेणखताच्या तोडीचा आहे. ज्याला मिळू शकतो त्याने तो सोडू नये.

आता शेणखत. तुम्ही टाकता ५ टन, पण त्यात निम्मे पाणी. उरलेल्या अडीच टनांत माती आणि राखही असते, म्हणून कर्ब धरा पाव हिस्सा, सुमारे ६०० किलो. तो जमिनीत पडल्यावर पहिल्या वर्षा-दोन वर्षांत दोन तृतीयांश जिवाणू आणि बुरशी खाऊन हवेत सोडतात. शिल्लक राहिला २०० किलो. हे तीन वर्षांतून एकदा, म्हणजे वर्षाला ७० किलो. दुसऱ्या बाजूला जमिनीतला जुना ३ टनांचा साठाही झिजत असतो. आपल्या उष्ण हवेत, पाण्याखालच्या आणि सतत नांगरल्या जाणाऱ्या जमिनीत वर्षाला शेकडा ४-५ भाग धरा, म्हणजे १२० ते १५० किलो. शेणखताचे ७० आणि मुळांकडून राहणारे थोडे मिळून ही झीज जेमतेम भरून निघते. विहिरीत पाझर येतो तेवढाच उपसा होत असेल तर पातळी हलत नाही, पण म्हणून विहिरीत पाणी येत नाही असे कोणी म्हणत नाही. तुमचे शेणखत वाया गेलेले नाही. ते घातले नसते तर आज आकडा ०.३८ सुद्धा राहिला नसता.

शिवाय ०.४० आणि ०.३८ यांत फरक आहे असे मी मानतच नाही. हा आकडा कसा निघतो ते बघितले तर पटेल. बारीक चाळलेली एक ग्रॅम माती काचेच्या शंकूपात्रात घेतात. त्यावर पोटॅशियम डायक्रोमेटचे नारिंगी द्रावण आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल ओततात. पात्र हाताला चटका बसण्याइतके तापते. अर्धा तास ठेवतात. मातीतला कर्ब डायक्रोमेट वापरून टाकतो. किती उरले ते ब्युरेटमधून फेरस अमोनियम सल्फेट थेंब थेंब सोडून मोजतात. द्रावण गडद निळे-जांभळे होते आणि एका थेंबाला लख्ख हिरवे. वॉकली आणि ब्लॅक यांनी १९३४ मध्ये दिलेली ही पद्धत आजही चालते. तिच्यात ०.०२ टक्के म्हणजे ब्युरेटमधले दोन-तीन थेंब. नमुना शेताच्या वेगळ्या कोपऱ्यातून घेतला, सरीऐवजी वरंब्यावरून घेतला, खत टाकल्यावर महिन्याने घेतला, तर यापेक्षा कितीतरी जास्त फरक पडतो. आणि चाळणीवर अडकलेली काडी, मुळाचा तुकडा, पाचटाचा कण बाजूला काढला जातो, तो या आकड्यात येतच नाही. पत्रिकेवर दिसतो तो कुजून, बारीक होऊन मातीला चिकटलेला कर्ब.

तो चिकटतो कसा, ही माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वात महत्त्वाची गोष्ट आहे. आम्ही शिकलो तेव्हा समज असा होता की पाचटातला चिवट भाग, लिग्निन, कुजत नाही म्हणून तोच ह्यूमस, म्हणजे मातीतला काळा टिकाऊ सेंद्रिय भाग, होऊन उरतो. आता चित्र वेगळे दिसते. जिवाणू आणि बुरशी काडी खातात. खाल्लेल्या कर्बाचा निम्म्याहून अधिक भाग श्वासातून सोडतात आणि उरलेल्याचे स्वतःचे शरीर बांधतात. ते मरतात, त्यांना दुसरे खातात, आणि त्यांच्या पेशींचे अवशेष, त्यांनी सोडलेला चिकट डिंक चिकणमातीच्या कणांवर जाऊन बसतो. आपल्या काळ्या जमिनीची चिकणमाती स्मेक्टाइट जातीची, पापुद्र्यापापुद्र्याची आणि कॅल्शियमने भरलेली. तिची पकडण्याची ताकद मोठी आहे. मातीच्या बारीक कणसमूहांच्या पोटात सापडलेला कर्ब तर जिवाणूंच्या हातीच लागत नाही. जमिनीत वर्षानुवर्षे टिकणारा कर्ब बहुतांश असा, आधी कुणीतरी खाऊन झालेला आहे. खाणाऱ्याला सकस खायला मिळाले, जोडीला नत्र मिळाले, तर शरीर जास्त बांधले जाते आणि मागे जास्त उरते.

हा कर्ब किती टिकतो ते शोधायलाही ऊसच उपयोगी पडला. उसासारख्या पिकांच्या कर्बात जड कर्बाचे, म्हणजे कर्ब-१३ चे, प्रमाण झाडाझुडपांपेक्षा थोडे वेगळे असते. त्यामुळे जंगल तोडून ऊस लावलेल्या जमिनीत उसाचा कर्ब किती आणि जुन्या झाडांचा किती, हे वेगळे करता येते. ब्राझीलमध्ये पन्नास वर्षे ऊस घेतल्यावरही मातीत जुन्या जंगलाचा कर्ब शिल्लक सापडला. दुसरीकडे काल पडलेल्या पाचटातला बहुतेक कर्ब वर्षभरात हवेत जातो. एकाच ढेकळात दोन्ही असतात.

आणि इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. कर्ब हवेत गेला म्हणजे नुकसान झाले असे समजू नका. जिवाणू कर्ब खाऊन श्वास सोडतात तेव्हाच त्या अन्नात अडकलेले नत्र, स्फुरद, गंधक मोकळे होऊन मुळांना मिळते. कर्ब जमिनीत नुसता बसून राहिला तर पिकाला त्याचा उपयोग थोडा. गांडूळ, बुरशी, जिवाणू यांचे सगळे राबणे त्या जाणाऱ्या कर्बावर चालते. बघायचे असेल तर घरी करून बघा. वापश्यावरची, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी, ओंजळभर माती रुंद तोंडाच्या बरणीत घाला. पानाच्या चुन्याची निवळी एका वाटीत घेऊन ती वाटी मातीवर ठेवा आणि झाकण घट्ट लावा. शेजारी तशीच दुसरी बरणी, मातीशिवाय. दुसऱ्या दिवशी मातीच्या बरणीतल्या निवळीवर पांढरी साय धरलेली दिसेल. मातीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड चुन्याला मिळाला आणि त्याची चुनखडी झाली. शेणखताच्या प्लॉटमधली माती आणि बांधाकडेची उघडी माती अशा दोन बरण्या लावल्या तर फरक आणखी स्पष्ट दिसतो. मे महिन्यात तापलेल्या, कोरड्या मातीवर पाणी शिंपडून हाच प्रयोग केला तर निवळी फार लवकर पांढरी होते. कोरड्या जमिनीवर पहिला पाऊस पडला की असा श्वासाचा लोंढा उठतो, हे बर्च यांनी १९५८ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या मातीवरून मांडले होते. उन्हाळ्यात खोल नांगरट करून जमीन दोन महिने तापू दिली आणि वर वळीव झाला, की आपण तो लोंढा आणखी वाढवतो.

आता पाचट. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमच्या हातातला सर्वात मोठा उपाय हाच आहे.

एकरी ४ टन कोरडे पाचट धरा. त्यात कर्ब दीड टनाच्या आसपास, नत्र ०.४२ ते ०.५० टक्के म्हणजे सुमारे १८ किलो, आणि पालाश जवळजवळ १ टक्का, ४० किलो. पेटवले की दहा मिनिटांत कर्ब गेला, आणि त्याच्याबरोबर नत्र जवळजवळ सगळे. १८ किलो नत्र म्हणजे युरियाच्या पाऊण गोणीहून जास्त. पालाश राखेत राहतो, पण राख वाऱ्याने आणि पहिल्या पाण्याने हलते. वरच्या दोन बोटे मातीतले जीव भाजून निघतात ते वेगळेच, आणि आंबवणीला पाणी जास्त लागते, कारण जमीन उघडी पडली.

एक प्रामाणिक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण पाचट जाळू नका म्हणणारे अनेकदा ती सांगत नाहीत. पाचट कुजवले तरी त्यातला ८०-८५ टक्के कर्ब शेवटी हवेतच जाणार आहे. हा कर्ब गेल्या वर्षी हवेतूनच आला होता, त्यामुळे दगडी कोळसा जाळणे आणि पाचट जाळणे एक नव्हे. कोळशातला कर्ब कोट्यवधी वर्षे जमिनीखाली होता, तो वर आला की हवेत भरच पडते. पाचटाच्या धुरात काजळी, कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेन असते, तो भाग वाईटच. पण जाळणे आणि कुजवणे यांतला खरा फरक तुमच्या जमिनीत पडतो. जाळताना कर्ब कुणाच्याही उपयोगी न पडता जातो. कुजताना तो वर्षभर जिवाणूंना पोसत, जमीन झाकत, पाणी धरत, अन्नद्रव्ये सोडत जातो आणि जाताना १५ टक्क्यांच्या आसपास मागे ठेवतो. दीड टनाचे १५ टक्के म्हणजे वर्षाला २०० किलोहून थोडे अधिक. तुमच्या शेणखताच्या तिप्पट, आणि तेही वाहतूक खर्च न करता, शेतातच.

नत्र खाते ही गावातली समजूत मात्र खोटी नाही. पाचटात कर्ब आणि नत्राचे प्रमाण ८० ते ९० ला १ असते. जिवाणूंच्या शरीरात ते १० ला १ च्या आत-बाहेर. दीड टन कर्बापैकी एक तृतीयांश, ५०० किलो, त्यांनी शरीरात बांधला तर त्यांना ५० किलो नत्र लागेल. पाचटात आहे १८. उरलेले ते मातीतून उचलणार, आणि नेमका तेव्हाच खोडवा फुटत असतो. पण हे सगळे एका दिवशी घडत नाही. पाचट टप्प्याटप्प्याने कुजते, मेलेल्या जिवाणूंचे नत्र पुन्हा फिरते. म्हणून पूर्ण ३२ किलोची तूट भरायची गरज पडत नाही. आपल्याकडची रूढ शिफारस दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धन अशी आहे. ४ टनांना ३२ किलो युरिया, म्हणजे सुमारे १५ किलो नत्र. अनुभवाने सांगतो, एवढ्याने काम भागते, पण पाचट ओले राहिले तरच. कोरड्या पाचटावर युरिया फेकला तर त्यातला बराच अमोनिया होऊन उडतो.

करायचे कसे, तर तोडणी होताच पाचट सरीत ओढून दाबून घ्या आणि बुडखे पूर्ण उघडे ठेवा. बुडख्यावर पाचट राहिले तर फुटवे कमी येतात, आणि पिवळ्या, विरळ खोडव्याचे खापर मग कुजण्यावर फुटते. बुडखे कोयत्याने जमिनीलगत छाटा. युरिया, सुपर आणि शेणखतात मिसळलेले संवर्धन पाचटावर टाकून लगेच पाणी द्या. खोडव्याची स्वतःची खते मात्र वरून फेकू नका. पहारीने बुडख्यापासून चार-सहा बोटे दूर भोक पाडून मातीत द्या. पाचटातले जिवाणू वर, खत खाली मुळाशी, त्यामुळे ओढाताण कमी होते. दोन महिन्यांनी सरीतले पाचट उचलून पाहा. खालच्या बाजूला पांढऱ्या बुरशीचे धागे विणलेले असतील, काडी बोटात चुरगळेल, आणि मातीत गांडुळांची विष्ठा दिसेल. कुट्टी करायचे यंत्र मिळाले तर उत्तम, नाही मिळाले तरी चालते. रोटाव्हेटरने पाचट मातीत मिसळायची घाई करू नका. त्याने ते लवकर कुजते खरे, पण मातीचे कणसमूह फुटतात आणि त्यांच्या पोटातला जुना कर्बही जिवाणूंसाठी उघडा पडतो. खोडव्यात जमीन वर्षभर न हलवता राहते, हीच खोडव्याची मोठी जमेची बाजू आहे.

खोडवा पिवळा पडण्याचे आणखी एक कारण तुमच्या भागात हमखास असते आणि त्याचा पाचटाशी संबंध नाही. नत्र कमी पडले तर खालची, जुनी पाने आधी पिवळी होतात. कोवळी वरची पाने पिवळी-पांढरी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील, ज्याला आपण केवडा पडला म्हणतो, तर ती लोहाची कमतरता आहे, आणि तिचे मूळ चुनखडीत आहे. तिथे युरिया वाढवून काहीही होणार नाही. फेरस सल्फेट शेणखतात मुरवून द्यावे लागते किंवा चिलेटेड लोह फवारावे लागते.

चुनखडीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. पत्रिकेवरचा सेंद्रिय कर्ब हा तुमच्या जमिनीतला सगळा कर्ब नव्हे. चुनखडीच्या वजनाच्या १२ टक्के कर्ब असतो. जमिनीत ८ टक्के चुनखडी असेल, आणि आपल्याकडे ती सहज असते, तर त्या रूपात जवळजवळ १ टक्का कर्ब आहे, सेंद्रिय कर्बाच्या अडीचपट. डायक्रोमेटच्या परीक्षेत तो दिसत नाही. तो आला कुठून? दख्खनचा काळा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसातून तयार झाला. मुळे आणि जिवाणू यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पावसाच्या पाण्यात विरघळून सौम्य आम्ल होतो, ते आम्ल दगड झिजवते, दगडातला कॅल्शियम सुटतो. पाऊस भरपूर असेल तिथे, कोकणात किंवा घाटमाथ्यावर, हे सगळे पाण्याबरोबर वाहून समुद्राला मिळते. पाऊस कमी आणि बाष्पीभवन जास्त अशा आपल्या पठारावर ते खोल थरात चुनखडीचे खडे होऊन बसते. नांगराला लागणाऱ्या त्या पांढऱ्या खड्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फेस येतो. तेव्हा कधीकाळी हवेतून आलेला कर्ब पुन्हा वायू होऊन सुटत असतो. कृष्णा, गोदावरी वर्षानुवर्षे हाच झिजलेला दगड आणि त्याच्याबरोबर विरघळलेला कर्ब बंगालच्या उपसागराकडे नेत आहेत. या संथ वाटेवर शेतकऱ्याच्या हातात फार काही नाही, फक्त खाऱ्या विहिरीचे पाणी सतत देऊन ती चुनखडी वरच्या थरात आणखी वाढवू नये, एवढे पाहावे.

आकडा किती वाढेल, ही तुमची अपेक्षा मी समजू शकतो. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड इथे १८४३ पासून ब्रॉडबॉक नावाच्या एका शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे. त्यातल्या एका प्लॉटला दरवर्षी हेक्टरी ३५ टन, म्हणजे एकरी १४ टन शेणखत घातले जाते. बिनखताच्या प्लॉटशी तुलना केली तर तिथला कर्ब आज तिपटीच्या घरात आहे. पण वाढ जास्त झाली ती पहिल्या काही दशकांत, पुढे ती मंदावत गेली, कारण साठा वाढला की झीजही वाढते. तिथलाच दुसरा प्रयोग मला जास्त शिकवून गेला. बार्लीच्या एका प्लॉटला १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षे शेणखत घातले आणि मग बंद केले. शंभरहून अधिक वर्षांनी मोजले तेव्हाही त्या मातीत शेजारच्या कधीच खत न घातलेल्या मातीपेक्षा जास्त कर्ब होता. तिथली हवा थंड आहे. तापमान १० अंशांनी वाढले की कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, त्यामुळे आपल्याकडे एवढा टिकाव धरता येणार नाही. तुमच्या बाबतीत पाचट दरवर्षी ठेवले, शेणखत चालू ठेवले आणि नांगरट कमी केली तर वर्षाला ०.०२ ते ०.०२५ टक्के वाढ सर्वोत्तम धरा. म्हणजे चार-पाच वर्षांत ०.३८ चे ०.४८. कोणी दोन वर्षांत १ टक्का करून देतो म्हणाले तर त्याने नमुना कुठून घेतला ते विचारा. लागणीपूर्वी ताग किंवा धैंचा ही हिरवळीची पिके गाडल्याने आकडा फारसा हलत नाही, कारण कोवळे पीक झपाट्याने कुजते. पण नत्र मिळते, आणि पुढच्या उसावर फरक दिसतो. म्हणून तो मी आकड्यासाठी नव्हे, उसासाठी सुचवतो.

बाटलीचे उत्तर सोपे आहे. त्यावर लिहिले असेल १२ टक्के ह्युमिक आम्ल. एका लिटरमध्ये १२० ग्रॅम, त्यात कर्ब अर्ध्याहून थोडा जास्त, ६५ ग्रॅम धरा. तुमची माती ८ लाख किलो आणि तिच्यातला कर्ब ३ टन. ६५ ग्रॅमने त्यात काय वाढणार? मुळांच्या वाढीसाठी कोणी ठिबकमधून देत असेल तर तो वेगळा विषय, पण कर्ब वाढवायला म्हणून एक रुपयाही घालू नका. तेवढ्या पैशात प्रेसमडची वाहतूक होईल.

कार्बन क्रेडिटवाल्यांकडे जाण्याआधी हा हिशोब बरोबर ठेवा. १ टन कर्ब म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड, आणि एक क्रेडिट म्हणजे १ टन कार्बन डायऑक्साइड. तुमच्या एकरात वर्षाला २०० किलो कर्ब वाढला, आणि हा सर्वोत्तम अंदाज आहे, तर एकरी पाऊण क्रेडिटही होत नाही. त्यातून मोजणीचा, तपासणीचा आणि मधल्या संस्थेचा वाटा जाणार. सही करण्यापूर्वी चार गोष्टी लेखी घ्या. पहिला नमुना कधी आणि किती खोलीपर्यंत घेणार? फक्त १५ सेंटिमीटर घेतला तर पुरत नाही. निदान ३० सेंटिमीटरपर्यंत हवा, आणि त्याबरोबर मातीची घनताही मोजायला हवी, कारण भुसभुशीत झालेल्या मातीत टक्केवारी आणि वजन यांचा मेळ बसत नाही. करार किती वर्षांचा, आणि मध्येच ऊस मोडून दुसरे पीक घेतले किंवा एखाद्या वर्षी पाचट पेटले, अगदी शेजाऱ्याच्या ठिणगीने, तर जबाबदारी कोणाची? पैसे वाढलेल्या कर्बावर मिळणार की नुसत्या पद्धती पाळल्याबद्दल? आणि जमीन खंडाने असेल तर मालक की कसणारा, कोणाच्या खात्यात? यांची उत्तरे मराठीत, कागदावर मिळाली तर विचार करा.

सही केली किंवा न केली, तरी पुढचा नमुना स्वतःच्या हिशोबासाठी नीट घ्या. दरवेळी त्याच महिन्यात, शेवटचा खोडवा तुटल्यावर आणि शेणखत टाकण्याआधी. शेताचे रंग आणि उतारानुसार भाग पाडा, प्रत्येक भागात आठ-दहा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला सारून इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या, त्याच्या बाजूची दोन बोटे जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडा. सगळी एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, असे अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा. बांध, पाट, खताचा उकिरडा आणि झाडाखालची जागा टाळा. शक्य असेल तर तीच प्रयोगशाळा ठेवा, आणि दरवर्षी न तपासता तीन वर्षांतून एकदा तपासा.